गाडीवरची धूळ

दिवाळीत तुमसरकडे आमच्या गावी गेलो होतो. नवी पांढरी गाडी आणि तिची गावाकडची पहिलीच खेप! भंडाऱ्यापर्यंत महामार्गाने (आमच्या तोंडी अजून सहा नंबरचाच; २०१० पासून तो ५३ झाला) अगदी ऐटीत आलो. आणि गावाआधीच्या अडीच-तीन किलोमीटर मुरमाच्या रस्त्याने गाडीचा रंगच बदलून टाकला. सकाळी उठून पाहतो तर आणखी गंमत. धुळीवर रात्रीचं दव पडून बॉनेटवर चक्क सारवण झालेलं. मी आपला फडकं घेऊन सरसावलो.

ओट्यावर दात घासत बसलेले मोठे बाबा तिथूनच ओरडले, "अरे, कोरडंच काहून पुसतेस? पयले पानी टाक!"

मोठे बाबांनी उभी हयात ट्रक चालवला. मॅंगनीजचा काळा दगड वाहून वाहून त्यांच्या खाकी शर्टाचा मूळ रंग कोणाला आठवत नसे. त्यांचं शास्त्र अनुभवाचं, पण पक्कं. धुळीत गारेचे बारीक कण असतात, ते रंगापेक्षा कडक. कोरड्या फडक्याने आपण धूळ काढत नाही, गाडीला पॉलिशपेपर मारतो. शिवाय कोरडं घासलं की पत्र्यावर वीज साचते आणि तीच नवी धूळ ओढून घेते. म्हणून आधी पाणी सोडायचं, वरून खाली, मग ओलं मऊ कापड. मेणाचा हात असेल तर धूळ चिकटून बसत नाही, बादलीभर पाण्याने निघून जाते. मळक्या गाडीवर कव्हर घालणं तर सगळ्यात वाईट, वाऱ्याने ते रात्रभर घासत राहतं. पूर्वीच्या फियाट-अँबॅसिडरला रंगावरचा आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा!

हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "पण गाडी पुसून काय होते बापा, रस्ता पुसाले पायजे."

तेव्हा मी हसलो. नंतर थोडं वाचल्यावर कळलं की मोटारीच्या धुळीचा इतिहास म्हणजे नेमकं हेच एक वाक्य आहे.

गिट्टी, मुरूम आणि पाणी घालून दाबलेला रस्ता बैलगाडीच्या काळात ठीक होता. चाकाची लोखंडी धाव दगड भरडायची, त्याची भुकटी पावसाने पुन्हा फटींत बसायची. मोटारीने हा हिशेब मोडला. वेगाने फिरणारं रबरी चाक फटींतली भुकटी ओढून वर उडवतं. गिट्टी उघडी पडते, रस्ता उखडतो. युरोपात सुरुवातीचे मोटारवाले लांब कोट आणि चष्मे घालून फिरत, ते या धुळीपायीच. त्यांनी निदान स्वतःपुरती सोय केली. रस्त्याकाठच्यांनी काय घालावं? मोटारीविरुद्धची पहिली मोठी ओरड यांचीच होती. मोनॅकोच्या राजाने हे गाऱ्हाणं गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या एका स्विस डॉक्टरापुढे ठेवलं आणि १९०२ साली त्याने रस्त्याच्या एका तुकड्यावर गरम डांबर ओतून पाहिलं. धूळ बसली. लोक त्याला पुढे 'डॉक्टर डांबर' म्हणू लागले. इंजिनियर नव्हे, डॉक्टर, हे मला फार आवडलं.

आपल्याकडे या कथेत एक मराठी माणूस आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. (पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, जयकर ग्रंथालयात बसलेल्यांपैकी किती जणांना त्यांचा रस्त्यांशी संबंध ठाऊक असेल?) १९२७ साली सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली. मोटारी रस्ते झिजवतात, तर त्यांच्या पेट्रोलवरच्या जादा करातून रस्ते करा, असा समितीचा सरळ हिशेब. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा बसले आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

मग डिसेंबर १९४३. प्रांतोप्रांतीचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि देशाचा वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड त्यातलीच. अभियांत्रिकीची मुलं 'नागपूर प्लॅन' अजून परीक्षेपुरता पाठ करतात. बैठक झाली तिथून भंडारा साठेक किलोमीटर. पण उतरंडीत आमचा रस्ता शेवटच्या पायरीवर, आणि डांबर वरून खाली येत असतं.

आजीच्या उन्हाळ्यातल्या कुरोड्या मला आठवतात. अंगणात खाटेवर धोतर पसरून वाळत घातलेल्या. ठेकेदाराची जीप दुरून दिसली की ती हातातलं काम टाकून धावायची, धोतराची चारी टोकं उचलायची, आणि तिच्या तोंडून जे शब्द निघत ते इथे लिहिता येणार नाहीत. आम्ही पोरं मात्र त्या धुरळ्यात जीपच्या मागे आनंदाने पळायचो. ती जीप चकचकीत असायची, हेही आठवतं. रोज कोणीतरी पुसत असेल.

असो. मी दोन बादल्या पाणी टाकून गाडी धुतली. परत निघालो तेव्हा मोठे बाबांनी आणखी एक सांगितलं: हळू जा, समोरच्या ट्रकाच्या मागे चिकटू नको. वेग कमी तर धूळ कमी. मुरमाच्या रस्त्याला लागलो. कडेला ताडपत्रीवर धान वाळत घातलेलं, एक बाई पायाने ते फिरवत होती. गाडी दुरून पाहूनच तिने पदर नाकाला लावला. मी दुसऱ्या गिअरवर, बैलगाडीच्या चालीने पुढे सरकलो. आरशात पाहिलं तर पदर तसाच नाकाला धरून ती गाडीकडे बघत उभी होती. मागच्या काचेवर मात्र धूळ बसलीच. आखूड पाठीच्या गाड्यांमागे हवेचा भोवरा होतो, तो धूळ ओढून काचेवरच आणतो.

मी वायपर लावणार होतो. मग कोरड्या फडक्याची आठवण झाली आणि आधी पाण्याचं बटण दाबलं.