चार निरीक्षक

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की कायदा इतका चांगला असताना गिरणीत हात तुटत कसे राहिले? आज त्याच प्रश्नापासून सुरुवात करू.

ब्रिटनमध्ये कारखान्यांच्या तपासणीचा पहिला प्रयोग १८०२ चा. त्यात गिरण्या पाहायला नेमायचे कोण, तर एक स्थानिक मॅजिस्ट्रेट आणि एक पाद्री. बिनपगारी! गिरणीमालकाच्या पंगतीला बसणारी ही माणसं. त्यांनी काय तपासलं असेल, ते सांगायला नको. कायदा कागदावरच राहिला.

म्हणून १८३३ च्या कायद्याने पगारी निरीक्षक आणले. वर्षाला हजार पौंड पगार, म्हणजे त्या काळी भरपूर. पण माणसं किती? चार. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड मिळून चार! त्यांतला एक रॉबर्ट रिकर्ड्स. हा आपल्या मुंबईच्या कौन्सिलचा सभासद राहिलेला, कंपनी सरकारचा जुना अधिकारी. दुसरा लिओनार्ड हॉर्नर, मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. रिकर्ड्स तीन वर्षांत प्रकृतीमुळे बाजूला झाला आणि लँकेशायर हॉर्नरकडे आलं.

चौघांच्या हाताखाली सुपरिंटेंडंट दिले होते. पण गंमत पाहा, या सुपरिंटेंडंटांना यंत्रं चालतात त्या खोल्यांत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नसे. तपासायला आलेला माणूस फाटकातच उभा! नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचं नाही, असा नियम होता. पण जन्मनोंदणी १८३७ पर्यंत सुरूच झालेली नव्हती. मुलाकडे बघून डॉक्टर वय ठरवणार. उंचीवरून, दातांवरून. दंड एक ते वीस पौंड, आणि तो ठरवणार कोण, तर पुष्कळदा ज्याच्या नात्यागोत्यात गिरण्या आहेत असा मॅजिस्ट्रेट. मालकाला दंड भरणं परवडायचं, मुलांना घरी पाठवणं नाही.

१८४४ साली यांतल्या बऱ्याच फटी बुजवल्या. मालकांनी आणि त्यांच्या बाप-भाऊ-मुलांनी अशा खटल्यांत न्यायाला बसायचं नाही, असं ठरलं. यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती आली. मात्र निरीक्षकांचे स्वतःचे मॅजिस्ट्रेटचे अधिकार त्याच कायद्याने काढून घेतले. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं. पुढे छताजवळ फिरणाऱ्या शाफ्टलाही कुंपण हवं, असा आग्रह निरीक्षकांनी धरला, तेव्हा १८५५ मध्ये मँचेस्टरच्या मालकांनी खटले लढवायला संघटनाच काढली. डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून तिची भरपूर टर उडवली. पण १८५६ साली संसदेने कुंपणाची अट सैल केली, ती मालकांच्याच बाजूने. म्हणजे माणसं वाढवूनही भागलं नसतं; निरीक्षकाने जोर लावला, की कायदाच मागे सरकायचा.

आता आपल्याकडे या. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा इथे कारखाना कायदा हवा म्हणून सर्वांत मोठा ओरडा कुणी केला? याच मँचेस्टरने! मुंबईचं सूत स्वस्त पडतं, ही पोटदुखी. १८७५ च्या मुंबईच्या चौकशी मंडळात बहुमत कायद्याच्या विरुद्ध गेलं. शेवटी १८८१ चा कायदा आला. तो शंभर किंवा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांना लागू, आणि बंदी फक्त सात वर्षांखालच्या मुलांना. खास निरीक्षक नेमला नसेल तिथे जिल्हा मॅजिस्ट्रेट हाच पदसिद्ध निरीक्षक. महसूल, दंगे, दुष्काळ सांभाळून तो गिरणीच्या शाफ्टखाली कधी वाकणार?

मेहेरबानीची वाट न पाहता परळला मजुरांनी सप्टेंबर १८८४ मध्ये सभा भरवल्या. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज गेला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची विश्रांती होती, हे आपण ऐकलेलं असतं. शेवटचं मागणं मात्र फारसं कुणी सांगत नाही: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्यावा, आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. १८९१ चा सुधारलेला कायदा आठवड्याची सुट्टी घेऊन आला. जखमीच्या भरपाईबद्दल त्यात काही नव्हतं. तो कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं.