ठेव-विम्याची कुळकथा

बँक बुडाली तरी ठेवीदाराची रक्कम, निदान एका मर्यादेपर्यंत, बुडू नये, या व्यवस्थेचे मूळ ज्याच्या कल्पनेत सापडते, तो जोशुआ फोरमन न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात बसलेला वकील होता. ईरी कालव्याच्या पाहणीचा ठराव १८०८ साली त्यानेच मांडला होता. त्या काळी प्रत्येक बँक आपापल्या नोटा काढी, आणि तिचे दिवाळे निघाले की त्या नोटा बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती नुसता कागद उरे. १८२९ मध्ये अनेक बँकांच्या सनदांची मुदत संपत आली असता फोरमनने गव्हर्नर मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्यापुढे दाखला ठेवला तो कँटनच्या हाँग व्यापाऱ्यांचा: परदेशी व्यापाराचा मक्ता सरकारकडून मिळालेले हे व्यापारी धंदा वेगवेगळा करीत, परंतु एकाचे दिवाळे निघाल्यास त्याचे देणे सर्वांना मिळून फेडावे लागे. नोटा काढण्याचा मक्ताही सरकारच देते; मग बँकांनी परस्परांस जामीन का राहू नये? हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो.

२ एप्रिल १८२९ च्या कायद्याने प्रत्येक बँकेने भांडवलाच्या अर्धा टक्का रक्कम दरसाल, एकूण तीन टक्के भरेपर्यंत, सामायिक निधीत जमा करावी असे ठरले, आणि बँकेत जाऊन दप्तर तपासण्याचा व अधिकाऱ्यांच्या शपथेवर जबान्या घेण्याचा अधिकार असलेले तीन आयुक्त नेमले गेले. माझ्या मते फोरमनच्या योजनेचे खरे मर्म निधीपेक्षा या तपासणीत होते. १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर एकामागून एक बँका कोसळल्या, तुटपुंजा निधी आटला, आणि १८४२ साली ठेवींचे संरक्षण काढून ते केवळ नोटांपुरते ठेवण्यात आले. त्याच वर्षी नानकिंगच्या तहाने हाँग व्यापाऱ्यांचा मक्ताही संपुष्टात आला. परंतु १८३४ मध्ये इंडियाना राज्याने बँकांची परस्पर जामीनकी अधिक कडकपणे अमलात आणून ती यशस्वी करून दाखविली.

अमेरिकेच्या संघराज्याने १९३३ मध्ये ठेव-विमा स्वीकारला. आपल्याकडे १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंत हे संरक्षण लागू झाले. २०२० पासून ही मर्यादा ५ लाख रुपये असून तीत मुद्दल व व्याज दोन्ही येतात. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी त्यासाठी एकत्र मोजल्या जातात, हे ठेवीदारांनी अवश्य ध्यानात ठेवावे.