पट सोडणे, पट सुटणे

आम्ही शहापूरकडची माणसे. आमच्याकडे बुद्धिबळ क्लबातून आले नाही, ओट्यावरून आले. शेतीच्या कामातून सवड मिळाली की वडीलधारी मंडळी पट मांडत. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचे, ही देशी रीत. भोवती उभ्या पोरांत एखादी पोर अशी निघायची की मोठ्यांच्या आधी तिला मात दिसायची. चार वर्षांनी तिची चौकशी केली की उत्तर ठरलेले असे, "सोडला तिने खेळ." हे वाक्य आम्हाला नेहमी खटकत आले आहे. खेळ तिने सोडला, की तिच्या हातून सुटला? इतिहासातल्या दोन मुली शेजारी ठेवून पाहिल्या की या दोन शब्दांतले अंतर कळते.

पहिली मुलगी आपल्या मुंबईची. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळ खेळत. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढे दशकभर ते विजेतेपद या बहिणींकडेच फिरत राहिले. १९६३ साली जन्मलेली रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गहजब झाला. मुलीने पुरुषांसमोर पटावर बसावे काय, असा तो वाद. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

रोहिणीने महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद एकूण पाच वेळा मिळवले. १९८१ साली हैदराबादला झालेली आशियाई महिला स्पर्धा तिने बारापैकी साडेअकरा गुण घेऊन जिंकली. १९८३ साली क्वालालंपूरला तिने ती पुन्हा जिंकली. आणि १९९३ साली, अवघ्या तिशीत, त्यांनी बुद्धिबळातून निवृत्ती घेतली. त्या पत्रकारितेकडे वळल्या, मुद्रणाचे तंत्र शिकल्या आणि १९९८ साली 'संध्याकाळ'च्या संपादक झाल्या. याला आम्ही खेळ सोडणे म्हणतो. एक पट मिटला तेव्हा दुसरा समोर होता आणि चाल त्यांचीच होती.

दुसऱ्या मुलीसाठी आणखी मागे, इंग्रजी अमलात जावे लागते. पंजाबचे बडे जमीनदार सर उमर हयात खान १९२९ साली लंडनला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत मीर सुलतान खान होते. सुलतान खान वडिलांकडून देशी शतरंज शिकलेले. विलायती नियमांची सवय त्यांना पुढे करावी लागली. तरी त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा झाले. मधल्या काळात, १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत, त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. ते सर उमर यांचे नोकर होते असे पुष्कळदा लिहिले गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी ते अलीकडे ठामपणे नाकारले आहे.

सर उमर यांच्या त्याच घरात फातिमा नावाची तरुणी होती. १९३२च्या ब्रिटिश महिला स्पर्धेत ती सहावी आली. पुढच्याच वर्षी हेस्टिंग्जला अकरा डावांपैकी दहा जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून ती विजेती झाली. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा ती तीन गुणांनी पुढे होती. त्या वर्षी इंग्लंडचे पुरुषांचे आणि महिलांचे, दोन्ही किताब हिंदुस्थानातून गेलेल्या दोन मुसलमानांकडे होते.

वर्षअखेरीस सर उमर मायदेशी परतले आणि त्यांच्यासोबत हे दोघेही. सुलतान खान यांनी १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. (हे वरच्या खाडिलकरांचे आडनावबंधू.) त्यांनी एक डाव बरोबरीत सोडवला, बाकी सारे जिंकले. नंतर मोठ्या स्पर्धांत ते दिसले नाहीत. १९६६ साली त्यांचे निधन झाले आणि २०२४ साली महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. फातिमाचे नाव मात्र १९३३च्या त्या किताबानंतर बुद्धिबळाच्या स्पर्धांतून नाहीसे झाले.

दोघांच्या हातून खेळ सुटला, असे म्हणून आम्ही इथेच थांबलो असतो. पण फातिमाच्या एका आठवणीने अडवले. पुढे उतारवयात तिने सांगितले की, हिंदुस्थानात परतल्यावर सुलतान खान यांना कैदेतून सुटल्यासारखे वाटले होते. विलायतेच्या ओल्या थंडीत ते सतत आजारी असत. गळ्याला पट्ट्या गुंडाळून खेळायला येत. पुढे त्यांनी मुलांनाही बुद्धिबळाचे धडे दिले नाहीत. आयुष्यात याहून उपयोगाचे काही करा, असे ते सांगत. म्हणजे 'सुटणे' या शब्दालाही दोन बाजू आहेत. कधी खेळ माणसाच्या हातून सुटतो, तर कधी माणूसच खेळातून सुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते.

राहता राहिली फातिमा. तिचे जे बोलणे लोकांच्या ध्यानात राहिले, ते सुलतान खान यांच्याविषयीचे आहे. अकरा डावांत एकही न हरलेल्या मुलीला पट मिटताना काय वाटले, ते त्यात येत नाही.

रोहिणीच्या पाठीशी बाप होता, बहिणी होत्या, कोर्टकचेरी करायची तयारी होती. म्हणून सोडायची वेळ आली तेव्हा सोडणारी तीच होती. आमच्या शहापूर-मुरबाडच्या पोरीला ठाण्या-मुंबईची स्पर्धा खेळायची तर पहाटे आसनगावची लोकल किंवा कल्याणची एस.टी. गाठावी लागते आणि दिवसभर सोबत थांबणारे घरातले कुणीतरी लागते. ते कुणीतरी मिळाले नाही, तर एका रविवारी स्पर्धा हुकते, मग दुसऱ्या. वर्षभराने घरात बोलले जाते, "सोडला तिने खेळ."

तिने अभ्यासासाठी सोडला असेल, मन उडाले म्हणून सोडला असेल, तर त्यात हळहळण्यासारखे काही नाही. पण ते वाक्य तिच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलण्याआधी एकदा तिलाच विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.