गाविलगडची पाच दिवसांची वाट

आजचा विषय आहे डोंगरातली लांब पायवाट. हल्ली याला 'थ्रू-हायकिंग' म्हणतात. एका टोकाला निघायचं, लागणारं सगळं पाठीवर घ्यायचं आणि वाट संपेपर्यंत चालत राहायचं. अमेरिकेतली अॅपलाचियन वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. ती एका हंगामात सलग चालल्याची पहिली गाजलेली नोंद १९४८ ची, अर्ल शेफर यांची. शेफर दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. मनात साचलेलं युद्ध उतरवायला ते डोंगरात गेले.

आपल्या वऱ्हाडात याच्या नेमकं उलट घडलेलं आहे. इथं माणसं युद्ध करण्यासाठीच डोंगरात शिरली आणि पाच दिवस चालली. आमचं म्हणणं असं, की वऱ्हाडचं पुढचं राजकारण गाविलगडाच्या तटावर ठरलं त्यापेक्षा जास्त त्या पाच दिवसांच्या वाटेवर ठरलं. ते कसं, हे आज पाहू.

साल १८०३. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू आहे. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सन यांनी बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला मोठी लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांची फौज मागे हटली. आता भोसल्यांचा भक्कम आधार म्हणजे गाविलगड. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूमुळे गाजलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि स्टीव्हन्सन या दोघांच्या फौजा अचलपूरला आल्या.

आता भूगोल नीट डोक्यात घ्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. खाली पूर्णेचं सपाट खोरं, काळी जमीन. वर सातपुड्याची भिंत. अचलपूरहून चिखलदऱ्याच्या पठारावर जायचं तर सुमारे सातशे मीटर चढ. गाविलगड याच पठाराच्या कडेला आहे. दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या मैदानाकडून पाहिलं तर नुसता कडा. त्या बाजूच्या दरवाजाची वाट इतकी लांब आणि उभी, की फक्त माणूसच चढू शकेल, असं वेलस्लींनी आपल्या खलित्यात नोंदवलं. वायव्येकडचा रस्ता गडावरच्या लोकांच्या रोजच्या वापरातला. पण तो तटाखालून वळसा घेत जातो, म्हणजे वरून सतत मारा. उरली उत्तर. तिकडे गड आणि पठार एकाच पातळीत. मध्ये दरी नाही, कडा नाही. खलित्यात 'लाबाडा' असं लिहिलेलं गाव त्या बाजूला होतं.

म्हणजे कुलूप कुठं आहे ते कळलं. प्रश्न एवढाच, की किल्ली तिथवर न्यायची कशी? अचलपूरहून लाबाड्याची वाट डोंगरातून सुमारे तीस मैलांची, आपल्या हिशेबानं अठ्ठेचाळीस किलोमीटर.

७ डिसेंबरला दोन्ही फौजा अचलपूरहून निघाल्या. वेलस्ली दक्षिण पायथ्याकडे गेले. स्टीव्हन्सन धामणगावच्या बाजूनं डोंगरात शिरले. १२ तारखेला ते लाबाड्यापाशी पोचले आणि त्या रात्रीच मोर्चे बांधायला सुरुवात झाली. अठ्ठेचाळीस किलोमीटर आणि पाच दिवस. दिवसाला दहा किलोमीटर पडतात. आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मेळघाटातला माणूस हे अंतर दोन दिवसांत तोडेल. बरोबर आहे. पण त्याच्या पाठीवर तोफ नसते.

लांब वाट चालणाऱ्या कोणालाही विचारा, तो आधी वजनाचं बोलेल, चढाचं नंतर. आजचा भटका सॅक भरताना टूथब्रशची दांडीसुद्धा कापतो. स्टीव्हन्सन यांच्याकडे अठरा पौंडी लोखंडी तोफा होत्या. अठरा पौंड, म्हणजे आठ किलो, हे नुसत्या गोळ्याचं वजन. तोफेची नळी दोन टनांच्या आसपास. शिवाय बारा पौंडी तोफा, गरनाळा, दारूगोळा. आणि वाट? वाट नव्हतीच. आधी सैनिकांनी ती स्वतः तयार करायची आणि मग जवळजवळ सगळं अंतर तोफा हातांनी ओढायच्या, डोंगरावर चढवायच्या, दऱ्यांतून उतरवायच्या. इतकं कष्टाचं काम आपण पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, असं वेलस्लींनी लिहिलं. भरल्या तोफखान्याला चढापेक्षा उतार जास्त धोक्याचा; वर नेताना दमछाक होते, खाली जाताना दोन टन वजन माणसांच्या अंगावर येतं. डिसेंबरात वर पठारावर रात्रीची थंडी काय असते, हे चिखलदऱ्याला राहिलेल्यांना सांगायला नको.

त्या खलित्यात अधिकाऱ्यांची नावं आहेत, त्यांची तारीफ आहे. दोर धरणाऱ्यांची नावं नाहीत. यात हिंदी शिपाई होते, वाटा फोडणारी पथकं होती. गड घेण्याचं श्रेय द्यायचं तर पहिलं त्या हातांना द्यावं लागतं.

पुढचं सगळं झटपट झालं. १३ ला तोफा सुरू. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडारं. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला. बाहेरचा गड पडल्यावर आतल्या गडाचा दरवाजा फुटेना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल यांच्या तुकडीनं भिंतीला शिड्या लावल्या, आत उतरून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडले. दरवाजांपाशी गडकऱ्यांची भयंकर कत्तल झाली. चढाई करणाऱ्यांचं नुकसान त्या मानानं थोडं. वाटेला पाच दिवस, तोफांना दोन, हल्ल्याला एक. म्हणूनच आम्ही म्हणतो, हा गड चढून पडला नाही, चालून पडला.

आणि लगेच दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह. मौज बघा, या तहात गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही डोंगरी किल्ले भोसल्यांकडेच राहिले. गेलं काय? वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख. तोवर वऱ्हाडात निजाम आणि भोसले या दोघांचा अंमल, दुअमली, चालत होती. ती संपली आणि अमरावती-अकोल्याचं हे मैदान एकट्या निजामाच्या हाती गेलं. पुढे १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, त्याची सुरुवात इथं आहे. दगड हातात राहिला, माती गेली!

पण सातपुड्यात चालणारे फक्त फौजवाले नव्हते, हेही सांगायला हवं. महाशिवरात्रीला विदर्भातली माणसं पचमढीच्या मोठ्या महादेवाला जातात. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात आणि तो वर वाहून येतात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा असते. तो भाग व्याघ्र प्रकल्पातला, वर्षातून थोडे दिवसच उघडतो. भर पावसात, निसरड्या कड्यांवरून लोक चालतात, आणि वाटेत विदर्भातलीच मंडळं त्यांना जेवू घालतात. हीसुद्धा आपली थ्रू-हायकिंगच, फक्त कोणी तसं म्हणत नाही. ओझं इथंही आहे. पण तोफ घेऊन गेलेल्यानं वाट एकदाच वापरली. त्रिशूळ घेऊन जाणारा पुन्हा पुन्हा जातो, म्हणून त्याची वाट टिकली.

१८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन यांच्या नजरेत चिखलदरा थंड हवेचं ठिकाण म्हणून भरला. लढाईला अवघी वीस वर्षं झाली होती. १८५८ मध्ये तात्या टोपेंच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी गाविलगड निकामी केला. आता मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. तिथं मनाला येईल तसं भटकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

गड मात्र पाहता येतो. आपण गाडीनं चिखलदऱ्याला जातो, पठारावरून सहज चालत आत शिरतो, आणि म्हणतो, 'एवढा सोपा गड अजिंक्य कसला?' मंडळी, आपण ज्या बाजूनं शिरतो ती पठाराची बाजू आहे. घाटरस्त्यानं आपले पाच दिवस वाचवलेले असतात. म्हणून पुढच्या वेळी गेलात की आधी दक्षिण टोकाला जा. खाली अचलपूरकडचं मैदान दिसेल. तिथून ही उंची मोजा, मग मागे वळून पठाराकडे पाहा. मधले अठ्ठेचाळीस किलोमीटर मनातल्या मनात चाला. गड त्यानंतर समजायला लागतो.