उकिरड्याचे पांग फेडणारा पिंप

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडची म्हण. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी ही मुदत तीन महिन्यांवर आणली, आणि तीही इंदुरात. परसात किंवा गच्चीवर हल्ली दिसणारा कंपोस्टचा फिरता पिंप जे काम दांड्याच्या चार गिरक्यांत करतो, ते तिथे फावड्याने होत असे.

हॉवर्ड इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५मध्ये ते बिहारातल्या पुसा इथे सरकारी नोकरीवर आले आणि १९२४पासून इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख झाले. संस्था मुख्यतः कापसाच्या अभ्यासासाठी; जमीन होळकर दरबारची. तिथली अडचण वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्यालाही परकी नव्हती. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जायच्या, शेताच्या वाट्याला खत उरायचं नाही आणि पऱ्हाट्या काही केल्या कुजायच्या नाहीत. चिनी शेतकरी काडीकचरा वाया न घालवता शतकानुशतकं जमीन कशी राखतो, हे एफ. एच. किंग या अमेरिकनाने १९११च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं. हॉवर्डवर त्याचा मोठा प्रभाव होता.

इंदूरची युक्ती मला फार आवडते. पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यांवर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्यांचा भुगा करत. मग हा भुगा, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात भरायचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोली जेमतेम दोन-तीन फूट, कारण त्याखाली हवा पोचत नाही. चालू खड्ड्यातलं थोडं अर्धकच्चं खत विरजण म्हणून घालायचं. आणि तीन वेळा सगळं खालवर करायचं: साधारण सोळाव्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. ही सगळी रीत दोघांनी १९३१च्या पुस्तकात मांडली. पुस्तकावर नावं दोन. जगाने लक्षात ठेवलं एकच. वाडांवर हा अन्यायच झाला.

खालवर करायचं ते हवेसाठी. कचरा खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळाला की ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापतो. तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात मरतात. हवा संपली की तेच काम दुसरे जिवाणू करतात, पण सावकाश आणि घाण वास सोडत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्यांनी दुसरी वाट धरली. मैला आणि शहरी कचऱ्याचे थर चिखलाने लिंपून सहा-आठ महिने हातच लावायचा नाही. मजूर वाचतो, वेळ जातो. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी १९५०च्या दशकात दाखवलं, की दर दोन-तीन दिवसांनी ढीग पलटला तर खत दोन-तीन आठवड्यांत होतं. पण एवढ्या वेळा फावडं मारणार कोण?

हे फावडं सोडवणारं यंत्र युरोपात आधीच फिरत होतं. डेन्मार्कच्या डॅनो कंपनीचं लोखंडी नळकांडं किंचित उतरतं ठेवलेलं असे. शहराचा कचरा वरच्या तोंडाने आत जायचा आणि मंद गतीने फिरत काही दिवसांत खालून बाहेर पडायचा. तो तेव्हा पुरता खत झालेला नसे, ढिगात मुरावा लागे. परसातला पिंप म्हणजे याच कल्पनेचं बाळरूप.

बाळरूपात एक खोट आली. डॅनोच्या नळकांड्यात टनांनी कचरा; पिंपात फार तर दोनशे लिटर. एवढ्याशा मालाची ऊब आत टिकत नाही, आणि रोज फिरवला तर उरलीसुरलीही निघून जाते. शिवाय पिंप अधांतरी. जमिनीतले जीव आपणहून वर येत नाहीत, म्हणून इंदूरचं विरजण इथे अधिकच गरजेचं: मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती. नुसती भाजीची देठं आणि फळांच्या साली टाकल्या की पाणी सुटून लगदा होतो. आकारमानाने ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला घातला तर नेमकं बसतं. मुठीत दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, धार लागू नये. एक तृतीयांश जागा रिकामी हवीच, नाहीतर फिरवल्यावर आत काहीच हलत नाही. दांडा दोन-तीन दिवसांनी फिरवला तरी पुरे.

सगळ्यात जास्त चुकतं ते रोज नवा कचरा ओतत राहण्यात. हॉवर्ड-वाडांचा खड्डा भरला की त्यात वरून काही पडत नसे. पिंपाचंही तेच: भरला की तोंड बंद, माल काळा, भुसभुशीत झाला की काढून महिनाभर सावलीत मुरू द्यायचा. घरातला कचरा मात्र त्या काळात थांबत नाही. तेव्हा पिंप घ्यायचाच असेल तर दोन कप्प्यांचा घ्या. एका कप्प्याच्या पिंपावर पैसे घालवू नका.