सूत्र सोपं, अंतर अवघड : हिंगणघाटची कबर आणि सूर्याचा आकडा

पेट-नेटच्या तयारीत हे गणित तुम्ही दहादा तरी सोडवलं असेल: ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं त्वरण काढा. कक्षा वर्तुळाकार धरली की सूत्र सरळ आहे.

त्वरण = ४ × (पाय)² × अंतर ÷ (परिभ्रमणकाळ)²

पृथ्वीसाठी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर, काळ ३६५.२५ दिवस. मीटर आणि सेकंदांत बदलून घ्या. उत्तर येतं सुमारे ०.००५९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जमिनीवरच्या ९.८ चा साधारण १६५०वा भाग. दोन मिनिटांचं काम!

काळ ठीक आहे, तो माणसाला फार पूर्वीपासून माहीत होता. पण अंतर? सूर्यापर्यंत साखळी कुणी टाकली?

त्यासाठी आधी वर्धा जिल्ह्यात चला. हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये त्यानं मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा शंभर फुटी पोलादी साखळीनं मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून तिसरा बिंदू बघायचा, कोन मोजायचे, त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं काढायच्या. मग त्याच बाजूवर पुढचा त्रिकोण. कोन मोजायला सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट! रात्री ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे. दोन ठिकाणांमधलं अंतर आणि अक्षांशांतला फरक कळला की एका अंशाची लांबी मिळते, आणि तिच्यावरून पृथ्वीचा आकार. हे काम उत्तरेकडे सरकत असताना, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामात तो वारला.

आता हीच युक्ती आकाशात लावा. इथे पाया म्हणजे पृथ्वीची त्रिज्या. सूर्यावरून पाहिलं तर ती किती कोनात मावेल, हा सूर्याचा पराशय. पाया आणि कोन मिळाले की अंतर हातात. १७६१ आणि १७६९ ची शुक्राची अधिक्रमणं वेगवेगळ्या देशांतून पाहिली गेली होती. त्या नोंदींवरून जर्मन खगोलशास्त्रज्ञ एंके यानं १८२४ मध्ये हा कोन ८.५७७६ विकला काढला. आजचा आकडा ८.७९४ विकला.

इथे पेन घ्या. पाया आणि कोन, दोन्हींतली चूक वेगवेगळी तपासू.

पाया: लॅम्बटननंतर काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये मांडलेली विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७७.२८ किलोमीटर. आज आपण ६३७८.१४ घेतो. फरक ०.०१४ टक्क्याच्याही आत.

कोन: एंकेच्या कोनातून अंतर येतं सुमारे १५.३४ कोटी किलोमीटर, म्हणजे अडीच टक्के जास्त. सूत्रात अंतराचा घात एक आहे, म्हणून त्वरणही अडीच टक्के जास्त. सूर्याचं वस्तुमान काढायला गेलात तर अंतराचा घन येतो आणि चूक साडेसात टक्क्यांच्या पुढे जाते.

म्हणजे मोजमापाच्या या साखळीतली कच्ची कडी पृथ्वी नव्हतीच, तो इवलासा कोन होता. त्रिज्या आणखी दहापट अचूक केली असती तरी त्वरणाचा आकडा जवळपास तसाच चुकीचा राहिला असता. मग लॅम्बटनची वीस वर्षं वाया गेली का? नाही. पाया पक्का होता, म्हणून तर चूक कोनातच शोधायची हे ठरवता येतं.

संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा हेच करा. सूत्रातल्या प्रत्येक राशीपुढे दोन गोष्टी लिहा: तिच्यात किती टक्के चूक आहे आणि तिचा घात किती. दोन्हींचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा, तुमचं पहिलं वर्ष तिथे खर्च करा. उपकरणाची मागणी त्यानंतर.