सातवे आसन : झाडीपट्टीतील प्रवासी गाडीच्या नव्या आवृत्तीची वाट पाहताना

एखाद्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघणार असे कळले की जाणत्या वाचकाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. काय वाढवले आणि काय गाळले? वाढवलेल्या भागाचा उल्लेख प्रस्तावनेत असतो. गाळलेला भाग मात्र जुनी प्रत शेजारी ठेवून आपला आपणच शोधावा लागतो. मोटारगाड्यांच्या नव्या रचनांकडेही याच दृष्टीने पाहता येईल, असे आम्हांस वाटते. छोट्या कौटुंबिक व्हॅनची नवी पिढी कधी येणार, याची चर्चा वाहनविषयक नियतकालिकांतून अधूनमधून होत असते. त्या चर्चेत दिवे, पडदे, रंग आणि इंजिन यांविषयी पुष्कळ असते. 'कौटुंबिक' या विशेषणातले कुटुंब कोणते, हे मात्र कोणी विचारत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतून पाहिले असता तोच प्रश्न सर्वांत आधी पुढे येतो.

या मुलखात माणसे आणि माल यांची वाहने पूर्वीपासून वेगळी होती. धान आणि लाकूड वाहायला बंडी, तर माहेरवाशिणीला आणायला किंवा मार्कंड्याच्या जत्रेला जायला हलकी रेंगी. मोटार आली आणि हा भेद पुसट झाला. त्याची एक खूण मराठी भाषेतच शिल्लक आहे. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन सहकार्याने तीनचाकी गाड्यांचे उत्पादन हाती घेतले. 'टेम्पो' हे मूळचे हँबर्गजवळच्या एका कारखान्याचे विशेषनाम. ते मराठीत इतके रुळले की आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला आपण टेम्पो म्हणतो. विशेषनामाचे सामान्यनाम व्हायला लोकांचा दीर्घ वापर लागतो. गाडीचे खरे नामकरण कारखान्यात नव्हे, रस्त्यावर होते, हा त्यातला बोध.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. त्याच वर्षी महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. रेल्वे पोहोचली ती उत्तरेच्या टोकाला, वडसा-देसाईगंजपुरती. एस. टी.ने १९४८ पासून राज्यभर जाळे विणले खरे, परंतु विरळ वस्तीच्या जंगलात दिवसातून एकदोन फेऱ्यांपलीकडे तिचा हिशेब जुळणे कठीण होते. या दोन आकड्यांमधल्या पोकळीत छोटी प्रवासी गाडी शिरली.

मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि १९८८ मध्ये तिला 'ओम्नी' हे नाव मिळाले. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनाखाली, मागे सपाट तळ, बाजूला सरकणारी दारे. मूळ रचना जपानी शहरांतल्या अरुंद गल्ल्यांसाठी केलेली होती. आपल्याकडे मात्र तिचा सपाट तळ हाच तिचा खरा गुण ठरला. आसने काढली की स्ट्रेचर मावते, पोती मावतात, वऱ्हाडही मावते. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, भाजीची गाडी, अशा अनेक भूमिका तिने एकाच देहाने वठवल्या. हिंदी चित्रपटांनी तिला अपहरणकर्त्यांची गाडी म्हणून अजरामर केले, तेही त्या सरकत्या दारांच्या जोरावर. वस्तू एकच, परंतु प्रत्येक वाचक तिच्यातून वेगळा अर्थ काढतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

जंगलातल्या लांब पल्ल्यावर मात्र ओम्नीपेक्षा दणकट गाड्यांचे राज्य होते. पुण्याचीच ट्रॅक्स, आणि १९९४ साली आलेली टाटा सुमो. 'सुमो' हे नाव जपानी मल्लांचे नव्हे. टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावा-आडनावाची आद्याक्षरे जोडून ते झाले, हे मराठी वाचकाला ठाऊक असलेले बरे. विदर्भात या गाड्यांना एकच नाव आहे, 'काळी-पिवळी'. कंपनी कोणतीही असो, रंगावरून पडलेले हे नाव परवाना, धंदा, भाडे आणि दाटीवाटी या सर्वांचा निर्देश एकदम करते. मोटार वाहन कायदा १९८८ कंत्राटी वाहतूक आणि टप्पा वाहतूक असा भेद करतो. काळी-पिवळी या दोहोंच्या सीमारेषेवर चालत आली. तिच्या मागच्या आडव्या बाकांवर किती माणसे बसतील, याचे उत्तर कायद्यात एक असते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दुसरे.

रचनाबदलाच्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण म्हणजे 'वर्सा'. २००१ साली मारुतीने ही उंच, दोन वातानुकूलन यंत्रांची व्हॅन आणली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन होते. गाडी चालली नाही. जानेवारी २०१० मध्ये जवळजवळ तोच सांगाडा लहान इंजिन आणि साधी सजावट घेऊन 'ईको' या नावाने आला, स्वस्त झाला आणि खपला. एखाद्या कादंबरीतली अलंकारिक वर्णने कापल्यावर मूळ कथा दिसू लागावी, तसे हे झाले. वर्साने कुटुंबाची कल्पना जाहिरातीतून घेतली होती, ईकोने ती बाजारातून घेतली.

या वाहनांचा आमच्या विषयाशी, म्हणजे साहित्याशी, थेट संबंध येतो तो झाडीपट्टी रंगभूमीमुळे. दिवाळीनंतर धान घरात आले की हंगाम सुरू होतो. वडसा हे नाट्यमंडळांचे केंद्र. तेथून संध्याकाळी कलावंतांच्या गाड्या निघतात, गावात रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीची आवर्जून दखल घेतली. तिचा इतिहास लिहिताना संहिता आणि नट यांच्याबरोबर एका रात्रीत जाऊन येता येईल अशा अंतराचाही विचार करावा लागेल. हे अंतर गाडीने ठरवले. नाटक कोणत्या गावापर्यंत पोहोचेल, हे काही अंशी चाकांवर अवलंबून होते.

आता गाळलेल्या मजकुराकडे वळू. २०१९ साली सुरक्षेचे नवे नियम आले आणि ओम्नीचे उत्पादन थांबले. चालकाचे गुडघे जिथे पुढच्या पत्र्याला जवळजवळ टेकतात, ती रचना समोरासमोरच्या धडकेत टिकणारी नव्हती. सुमोही त्याच वर्षी थांबली. २०२५ मध्ये ईकोत सहा एअरबॅगा आल्या आणि सात आसनांच्या रचनेची जागा सहा आसनांच्या रचनेने घेतली. या निर्णयाला आक्षेप घेणे आम्हांला शक्य नाही. दाटीवाटीच्या गाडीला अपघात झाला की मरणारी माणसे याच मुलखातली असतात, आणि गरिबाच्या जिवाला कमी दर्जाची सुरक्षा पुरेशी आहे, असे कोणता सुबुद्ध माणूस म्हणेल?

तरीही प्रश्न उरतोच. ते सातवे आसन कोणाचे होते? शहरातल्या कुटुंबात ते बहुधा रिकामे असे किंवा त्यावर सामान असे. इथे त्यावर बाळंतिणीबरोबर निघालेली सासू असे, दाखला काढायला तालुक्याला निघालेला विद्यार्थी असे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. आतल्या पाड्यांतून रुग्णाला खाटेची कावड करून रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्या रस्त्यावर जी गाडी उभी असेल तिच्यात जागा आहे की नाही, हा तेव्हा रचनाशास्त्राचा प्रश्न राहत नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांनी हा भार काहीसा उचलला. २०२१-२२ च्या दीर्घ एस. टी. संपात मात्र पुन्हा सगळी भिस्त खासगी गाड्यांवर आली.

म्हणून आम्हांला वाटते की गाळलेल्या सातव्या आसनाची भरपाई व्हॅनच्या पुढच्या आवृत्तीकडे मागणे हे चुकीच्या पत्त्यावर पत्र पाठवण्यासारखे आहे. ती भरपाई सार्वजनिक वाहतुकीने करायची असते. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्यावरून अहेरीला जोडणारी एस. टी. सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या गावांत बस आली. व्हॅनमधून एक आसन गेले त्याच वर्षी एका वाटेवर चाळीसएक आसने आली, असा हा हिशेब. तो एका वाटेपुरता जुळला आहे. उरलेल्या वाटांवर नव्या गाडीची वाट पाहणारे लोक तिच्या दिव्यांचा आकार पाहणार नाहीत, दार सरकवून आत किती जण बसतील ते मोजतील. कुटुंब या शब्दाचा त्यांच्या लेखी असलेला अर्थ त्या मोजणीत आहे.